सासूबाईंचा खुबा आणि रोबोटचा हात

ताई, नमस्कार.
मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. डावा गुडघा दुखतो म्हणून दोन वर्षं तेल, पट्टा, इंजेक्शन सगळं केलं. यंदा जळगावला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, गुडघा चांगला आहे, खुबा झिजलाय, बदलावा लागेल. ते नेहमीच्या पद्धतीने ऑपरेशन करतात. मग मिस्टरांनी मोठ्या शहरातल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे दाखवला. तिथे सांगितलं की रोबोटने केलं तर एकदम अचूक होतं, पण दीड लाख जास्त लागतील. मिस्टर म्हणतात, आईच्या बाबतीत कसर करायची नाही, वेळ पडली तर नाल्याकाठचा तुकडा गहाण टाकू. सासूबाई म्हणतात, "माले मशीनना हातमा देऊ नका." मामंजी म्हणतात, ऑपरेशनच नको, ओळखीचा एक माणूस पुड्या देतो, त्याने बऱ्याच जणांना गुण आलाय. सासूबाईंना साखर आहे, मशेरीही लावतात. यात कोणाचं ऐकावं? आणि श्रावणातल्या कानबाईच्या पूजेला खाली बसता येईल का, हे त्यांनी मुद्दाम विचारायला सांगितलंय.
— एक सून

ताई,

दोन वर्षं गुडघ्याला तेल लावलं आणि दुखत होता खुबा. तुम्हाला वाटत असेल की आपलंच नशीब असं, पण तीस वर्षं फिजिओथेरपी करताना गुडघा धरून आत आलेले कितीतरी पेशंट मी पाहिले आहेत ज्यांच्या गुडघ्यात काहीच नव्हतं. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या नसा एकाच घरच्या, त्यामुळे वर बिघडलं की बोंब खाली होते. खुब्याचं खरं दुखणं जांघेत असतं. आम्ही बाया जांघेत दुखतं असं पटकन बोलत नाही, "पाय दुखतो" म्हणून मोकळ्या होतो, आणि मग पायाचा एक्स-रे निघतो.

मागे एक आजी आल्या होत्या. तपासायच्या टेबलावर झोपवलं तर उजवी टाच वजरीने घासून लख्ख, आणि डाव्या टाचेला बोटभर भेगा, त्यात शेताची माती. आळस असता तर दोन्ही टाचा सारख्याच दिसल्या असत्या. डाव्या पायापर्यंत त्यांचा हातच पोचत नव्हता. खुबा वळणं बंद झालं की पहिल्यांदा नखं, जोडवी आणि टाच ही तीन ठिकाणं माणसाच्या हातातून जातात. सासूबाईंच्या टाचा आज एकदा बघा. डॉक्टरांचं निदान बरोबर आहे की नाही, हे तुम्हाला तिथेच अर्धं कळेल.

आता मामंजी. त्यांच्या म्हणण्याचे दोन भाग आहेत आणि त्यातला एक मला मान्य आहे. पुडीचा भाग मुळीच मान्य नाही. जिच्यावर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही आणि जी घेतली की दोन दिवसांत दुखणं पळतं, अशा पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं. त्याने साखर वर जाते, हाडं ठिसूळ होतात. जास्त दिवस घेतलं तर खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठाच तुटू शकतो आणि गोळा आतून मरतो. म्हणजे जो सांधा वाचवायला पुडी घ्यायची, त्याच सांध्यावर घाव. सासूबाई ती आधीपासून महिनोन्‌महिने घेत असतील, तर मनाने एका दिवसात बंद करू नका. रिकामी पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लाज न धरता सांगा. अंगाला सवय झालेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर माणूस ऑपरेशनच्या टेबलावर कोसळू शकतो.

त्यांचा दुसरा मुद्दा, म्हणजे घाई नको, हा मात्र खरा आहे. झिजेमुळे खराब झालेला खुबा बदलणं हे अपेंडिक्ससारखं रातोरात करायचं काम नाही. रात्री दुखण्याने जाग येते का, दुकानापर्यंत जाऊन यायला मध्ये टेकावं लागतं का, दुखण्याची गोळी रोजची झाली आहे का, हे बघायचं. तिन्हींची उत्तरं हो असतील आणि एक्स-रेत गोळा आणि तो ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडातली वाटी यांच्यामधली फट दिसेनाशी झाली असेल, तर ऑपरेशनने खरंच सुख लागतं. पुढे ढकलत राहिलं तर दुसरा पाय, कंबर आणि मांडीचे स्नायू त्याची किंमत मोजतात, आणि रोजच्या गोळ्यांची किंमत मूत्रपिंड मोजतं, त्यातून साखरेच्या माणसाचं तर लवकर. पण तीन-चार महिने थांबल्याने काही बुडत नाही. तेवढा वेळ तुम्हाला लागणारही आहे. कशाला, ते पुढे सांगते.

तोवर आजच एक करा. सासूबाई काठी वापरत असतील तर ती कोणत्या हातात आहे ते बघा. दहातले आठ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. डावा खुबा दुखतो तर काठी उजव्या हातात हवी, आणि ती डाव्या पायाबरोबर पुढे पडली पाहिजे. काठीची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला आली पाहिजे. बिनखर्चाचा इतका गुण देणारं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही. खुब्यात इंजेक्शन घेऊ म्हणून कोणी सुचवलं, तर ऑपरेशन तीन महिन्यांच्या आत ठरतंय का ते आधी सांगा, कारण स्टेरॉइडच्या सुईनंतर लगेच सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

आता सासूबाईंची भीती. हा भाग त्यांना वाचून दाखवा. आई, मशीन तुम्हाला हात लावणार, पण मशीनला हात डॉक्टरच लावणार. रोबोट म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं तसं तिथे काही नसतं. कपाटाएवढ्या एका पेटीला कोपरात वाकणारा जाड दांडा असतो, त्याच्या टोकाला डॉक्टरांचं हत्यार बसवलेलं असतं आणि ते हत्यार डॉक्टरांच्या मुठीत असतं. चामडी कापायची, स्नायू बाजूला करायचे, खराब गोळा काढायचा, शेवटी टाके घालायचे, ही सगळी कामं माणूसच करतो.

मग मशीन करतं काय? खुब्यासाठी सध्या जास्त नाव ऐकू येतं ते माको या रोबोटचं, त्याचीच रीत सांगते. ऑपरेशनच्या आधी खुब्याचा सीटी स्कॅन काढतात. त्यावरून संगणकावर तुमच्या हाडाची हुबेहूब प्रतिमा उभी राहते आणि कोणत्या मापाची वाटी, कोणत्या कोनात, किती खोल बसवायची हे डॉक्टर आदल्या दिवशीच आखून ठेवतात. शिंप्याने कापड कापण्याआधी खडूने रेघा मारून ठेवाव्यात, तसं. ऑपरेशनच्या वेळी कमरेच्या हाडात बारीक पिना बसवून त्यावर खुणेची पट्टी लावतात. खोलीतला कॅमेरा ती खूण पाहत असतो, म्हणून हाड इंचभर हललं तरी मशीनला कळतं. मग डॉक्टर एका टोकदार सळईने हाडाच्या ठरावीक जागांना स्पर्श करत जातात आणि स्क्रीनवरचं हाड आणि टेबलावरचं हाड एकमेकांशी जुळवून घेतात. त्यानंतर वाटीची जागा खरवडायला सुरुवात होते. आखलेल्या रेघेच्या आत हात मोकळा चालतो. रेघेबाहेर जायला लागला की दांडा अडतो, पुढे जाऊच देत नाही. वाटी ठोकून बसवतानाही तो कोन धरून ठेवतो. शेवटी पायाची लांबी किती कमी-जास्त झाली, तो आकडा स्क्रीनवर दिसतो. नव्या सांध्याचा जो दांडा मांडीच्या हाडात जातो, तो बसवायचं काम बहुतेक वेळा हातानेच होतं. दुसऱ्या एका कंपनीचा रोबोट सीटीऐवजी एक्स-रेवर चालतो, पण तत्त्व तेच.

आई, तुमची भीती अगदीच हवेतली आहे असंही मी म्हणणार नाही. १९९२ साली अमेरिकेत सॅक्रामेंटोला रोबोडॉक नावाच्या मशीनने पहिल्यांदा माणसाच्या खुब्याचं काम केलं. त्याआधी ते कुत्र्यांवर करून पाहिलं होतं. ते मशीन मात्र खरोखरच स्वतः मांडीचं हाड कोरायचं, डॉक्टर हातात बंद करायचं बटण घेऊन उभे. जर्मनीत त्याची काही वर्षं चलती होती, मग स्नायू आणि नसांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ते मागे पडलं. आजची मशीनं त्या शहाणपणातून आली आहेत. त्यांनी लगाम धरायचा, घोडा हाकायचा डॉक्टरांनीच.

आता सूनबाई, तुमच्यासाठी आणि मिस्टरांसाठी, दीड लाखाचा प्रश्न.

"एकदम अचूक" हे हॉस्पिटलचं म्हणणं खोटं नाही. वाटी ठरवलेल्या कोनात बसवण्यात रोबोट माणसाच्या हातापेक्षा सरस आहे, हे अभ्यासांतून बऱ्यापैकी दिसलंय. वाटीचा कोन चुकला तर सांधा निखळू शकतो, घासून लवकर झिजू शकतो, म्हणून त्याला किंमत आहेच. पण वर्षभराने पेशंटला विचारलं की दुखतं का, चालता येतं का, जिना चढता का, तर रोबोटवाले आणि बिनरोबोटवाले यांच्यात ठळक फरक सापडत नाही. आणि वीस-पंचवीस वर्षांनी काय, ते सांगायला या मशीनची तेवढी वर्षंच अजून झालेली नाहीत. वेळ थोडा जास्त लागतो, सीटीची किरणं अंगावर येतात, पिनांच्या जागी दुखू शकतं, क्वचित तिथे हाडाला चीर जाते. या अडचणी लहान आहेत, पण जाहिरातीत त्यांना जागा मिळत नाही म्हणून मी इथे देते.

मुळात नेहमीचं ऑपरेशनच इतकं चांगलं आहे की त्यावर कडी करायला जागा थोडी उरते. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमाराला धातूचा गोळा, प्लॅस्टिकची वाटी आणि हाडात धरून ठेवायला सिमेंट अशी जोडी जमवली, तिथून आजचा सांधा सुरू झाला. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदी घेऊन हिशेब मांडला गेला, त्यात शंभरातले सुमारे ५८ कृत्रिम खुबे २५ वर्षांनंतरही चालू होते. हे सगळे जुन्या काळात बसवलेले, म्हणजे रोबोट नसताना, हाताने आणि नजरेने. माझ्या स्वतःच्या आईचा खुबा २०११ मध्ये असाच बदलला. ती आज ८१ वर्षांची आहे आणि दादर ज्वारीची भाकरी ओट्यापाशी उभी राहून थापते. बसून थापायची तिची सवय मोडायला मला मात्र दोन वर्षं लागली.

म्हणून माझं मत सरळ सांगते. रोबोट आहे की नाही हा तुमच्यासाठी तिसऱ्या-चौथ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आहे हात कोणाचा. जळगावच्या डॉक्टरांना विचारा: साहेब, तुम्ही वर्षाला किती खुबे बदलता? गुडघे नाही, खुबे. हा फरक धरून ठेवा. आपल्याकडे सांधे बदलणाऱ्या बहुतेक डॉक्टरांचे गुडघे जास्त आणि खुबे कमी असतात. हेच त्या रोबोटवाल्या हॉस्पिटलातही विचारा: या मशीनवर तुम्ही स्वतः किती खुबे केलेत? मशीन नवं असतं तेव्हा उत्तम सर्जनचाही हात त्यावर बसायला काही केसेस जाव्या लागतात, आणि त्या पहिल्या काहींत आपली आई असावी असं कोणालाच वाटत नाही. तिसरी गोष्ट, मध्येच मशीन अडलं, जुळवणी झाली नाही, तर तुम्ही हाताने पूर्ण करता ना? याला जो डॉक्टर हसून "अर्थात" म्हणतो त्याच्याकडे निर्धास्त जा. ज्याला राग येतो त्याच्याकडे फाइल ठेवू नका. प्रश्न विचारलेलं आवडत नाही अशा डॉक्टरला ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी रात्री फोन करायची तुमची हिंमत होणार नाही, आणि फोन करायची वेळ येते ती नेमकी तेव्हाच.

त्या दहाव्या दिवसाबद्दल लोक विचारच करत नाहीत. रोबोट शहरात राहतो, जखम तुमच्या घरी येते. पट्टी ओली झाली, पोटरी सुजून टणक झाली, ताप आला, तर तासाभरात पोचता येईल असा डॉक्टर पाहिजे. अमळनेरहून जळगाव किंवा धुळे जवळ आहे. ताज्या खुब्याने मोटारीच्या खोलगट सीटवर पाच तास बसून दूरच्या शहरात तपासायला जाणं हीच एक शिक्षा आहे. शिवाय सीट खालची असली की खुबा नको तेवढा वाकतो.

रोबोटला खरंच जास्त अर्थ कुठे आहे तेही सांगते, म्हणजे मी मशीनच्या विरोधात आहे असा समज व्हायला नको. जन्मापासून वाटी उथळ असलेले, जुन्या अपघातात कमरेचं हाड वेडंवाकडं जुळलेले, कणा आखडून काठीसारखा ताठ झालेले, अशा लोकांमध्ये नेहमीच्या खुणा चुकीच्या जागी असतात आणि डॉक्टरची नजर फसू शकते. तिथे आधी आखलेला नकाशा फार कामाचा. सासूबाईंचं तसं काही तुमच्या पत्रात दिसत नाही. एक्स-रे बघून जळगावच्या डॉक्टरांना एवढं विचारा की यांच्या हाडाची ठेवण साधी आहे की अवघड. ते अवघड म्हणाले तर मी माझं वरचं मत मागे घेते आणि दूर जायला सांगते.

दीड लाखापेक्षा ज्यावर डोकं घालावं अशी एक गोष्ट राहते, ती म्हणजे आत बसवणार ते काय. गोळा धातूचा की सिरॅमिकचा, वाटीच्या अस्तराचं प्लॅस्टिक साधं की जास्त टिकाऊ बनवलेलं, हाडात सिमेंटने धरणार की हाडच त्यावर वाढणार. साठी ओलांडलेल्या बाईत हाड ठिसूळ असेल तर मांडीतला दांडा सिमेंटने बसवणं चांगलं मानतात. ते जुनाट नाही. धातूवर धातू घासणारे सांधे मात्र नकोत. २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीला तसले सांधे जगभरातून परत मागवावे लागले होते, भारतातल्या पेशंटनाही त्याचा त्रास झाला. ऑपरेशननंतर सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. वीस वर्षांनी कोणाला तो सांधा उघडावा लागला तर त्या चिटोऱ्याला सोन्याचा भाव येतो. तुमच्या घरी ते कार्ड सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा, म्हणजे हरवणार नाही.

पैशाचं. मिस्टरांना नोकरीतून विमा असेल आणि त्यात आईचं नाव असेल तर पॉलिसी काढून नीट वाचा. रोबोटिक शस्त्रक्रिया म्हणून सरसकट नाकारता येत नाही, विमा नियामकाने तसे नियम केले आहेत. पण कंपन्यांना त्यावर वेगळी कमाल रक्कम ठेवायला मुभा आहे, आणि लोक फसतात ते तिथे. एकूण विमा पाच लाखांचा दिसतो आणि रोबोटच्या रकान्यात मर्यादा निराळीच असते. स्वतः काढलेली पॉलिसी असेल तर सांधे बदलण्याला सुरुवातीची काही वर्षं थांबावं लागतं, तेही बघा. विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. खुबा कोणत्या रुग्णालयात त्यातून होतो ते आरोग्यमित्राला विचारा. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात तो टेबल टाकून बसलेला असतो. जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत जाऊन चौकशी करायला एक दिवस मोडेल, मोडू द्या. रोबोटचं भाडं योजनेत बसेल असं धरून चालू नका.

जाता जाता आणखी एक. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली तो आदेश गुडघ्याचा होता. शेजारणीच्या गुडघ्याचा भाव तुमच्या खुब्याला लावून हॉस्पिटलात भांडू नका, पण बिल मागताना सांधा किती, रोबोट किती, सीटी किती, खोली किती असं फोडून लिहून मागायचा हक्क सोडूही नका.

आणि जमीन. मिस्टरांना सांगा की आईवरचं प्रेम मोजायला नाल्याकाठचा तुकडा लागत नाही. विमा सगळं देत असेल आणि त्या हॉस्पिटलातल्या सर्जनने त्या मशीनवर भरपूर खुबे केलेले असतील, तर जा, काही हरकत नाही. पण रोबोटसाठी कर्ज काढणार असाल तर माझं उत्तर स्पष्ट नको असं आहे. तेवढ्या पैशाच्या थोड्या भागात घरी फिजिओथेरपिस्ट येईल, कमोड बसेल, अंगणाला कठडा लागेल आणि महिनाभर भांडी-धुण्याला बाई ठेवता येईल. ती बाई तुमच्यासाठी, ताई. पत्रात तुम्ही सगळ्यांचं लिहिलंत, सासूबाईंचं अंथरूण-पांघरूण कोण करणार ते लिहिलं नाही, म्हणजे ते तुम्हीच करणार.

वर म्हटलं होतं ना, तीन-चार महिने लागतील, ते यासाठी. रोबोट वाटीचा कोन सांभाळतो, साखर आणि मशेरी सांभाळत नाही. खुब्याच्या ऑपरेशनमधलं खरं संकट जंतुसंसर्ग आहे, आणि तो झाला तर कधी कधी सगळा सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी (एचबीए१सी) करा. तिचा आकडा ८ टक्क्यांच्या वर असेल तर बहुतेक सर्जन तारीखच देत नाहीत, आणि बरोबर करतात. मशेरी निदान महिनाभर आधी पूर्ण थांबायला हवी, तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात आणि जखम भरत नाही. सासूबाई म्हणतील, मशेरीशिवाय पोट साफ होत नाही. सगळ्याच म्हणतात. सकाळी कोमट पाणी आणि भिजवलेले मनुके द्या, आठवडाभर चिडचिड सहन करा. किडलेला दात, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधली चिखली, हे सगळं आधी बरं करून घ्या. हिमोग्लोबिन बघा. पाठीवर झोपून गुडघे ताठ ठेवत मांडी आवळायची आणि दहा अंक मोजून सोडायची, असं दिवसातून तीन वेळा वीस-वीस वेळा करायला लावा. ऑपरेशनआधी ज्याची मांडी दणकट, तो वॉकर लवकर सोडतो.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, वॉकर धरून उभं करतील. घाबरू नका, सांधा तेवढं वजन घेतो. रक्त गोठू नये म्हणून काही आठवडे गोळी किंवा पोटात सुई असते, ती एकही दिवस चुकवू नका. पहिले महिना-दोन महिने सासूबाई म्हणतील की डावा पाय लांब झाला. बऱ्याचदा खरंच लांब झालेला नसतो. इतकी वर्षं आखडून आखूड झालेल्या पायाची कंबरेला सवय झालेली असते. लगेच चपलेत टाच चिकटवून आणू नका, तीन महिने थांबून मोजा.

राहिली कानबाई. मला हा प्रश्न सगळ्यात आवडला, कारण माणूस बरं कशासाठी व्हायचं ते त्यात आहे. पहिल्या तीन महिन्यांत खाली बसणं नाही, मांडी नाही, उकिडवं नाही, पायावर पाय टाकणं नाही. विशेषतः मागच्या बाजूने चीर दिली असेल तर खुबा काटकोनाच्या पुढे वाकवायचाच नाही, नवा सांधा निखळण्याची भीती तेव्हा जास्त असते. ऑपरेशन दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी उरकल्यावर केलंत तर श्रावणापर्यंत आठ-नऊ महिने हातात राहतात. तोवर त्या पूजेला खुर्चीवर बसून, नैवेद्याच्या रोटाला उभ्याने हात लावून सगळं करू शकतील. जमिनीवर मांडी घालून बसायचं की नाही, ते त्यांचा एक्स-रे बघून डॉक्टरच सांगतील. काहींना हळूहळू जमतं, पण मी माझ्या पेशंटना ती हौस करू देत नाही. आता पाट बघू नका, खुर्ची बघा. सासूबाईंना चप्पल घालून उभं करा आणि जमिनीपासून त्यांच्या गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत टेपने मोजा. खुर्ची, खाट आणि कमोड त्या मापापेक्षा चार बोटं उंच पाहिजेत. खाट बुटकी असेल तर चारी पायांखाली विटा द्या, आणि सुताराला आत्ताच बोलवा, लगीनसराईत तो सापडणार नाही.